हिरड्या वाढल्या, आणि बंद झाली भलतीच गोळी

मेडिकलच्या काउंटरवर येणारी माणसं गोळ्या रंगावरून आणि आकारावरून ओळखतात. ‘ती पांढरी लांबडी द्या, जेवणाबरोबरची’ म्हटलं की ती बहुतेक शुगरची गोळी, मेटफॉर्मिन. ‘बारकी पांढरी, सकाळची’ म्हटलं की बीपीची. आणि घरात एखादं नवं दुखणं निघालं की आळ येतो तो त्या लांबड्या गोळीवरच. पाय सुजले, शुगरची गोळी. केस गळायला लागले, शुगरची गोळी. डोळ्यांना कमी दिसायला लागलं तरी दोष शुगरला नाही, शुगरच्या गोळीला. ती मोठी असते, गिळताना अडकते, सुरुवातीला पोट बिघडवते, तोंडाला लोखंडी चव आणते. त्यामुळे तिच्याबद्दल मनात आधीच अढी बसलेली असते.

आमचं दुकान बार्शीत आहे. आजूबाजूच्या खेड्यांतून बाजारच्या दिवशी माणसं महिन्याच्या गोळ्या न्यायला येतात. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या एका तक्रारीबद्दल मला आज सविस्तर लिहायचंय. ती म्हणजे ‘शुगरच्या गोळीनं हिरड्या वाढल्या’. या एका समजापायी माझ्या सख्ख्या आत्याने गोळी सोडली होती, आणि दुकानात येणाऱ्या काहींनीही सोडलेली मी पाहिली आहे. आत्याला विचारूनच हे लिहितेय. ती म्हणाली, ‘लिही की बाय. कुणाचं तरी भलं हुईल.’

आत्या वैरागच्या बाजूला राहते. साठी ओलांडली आहे, शुगर बऱ्याच वर्षांची. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची जोडगोळी चालू होती आणि शुगर बऱ्यापैकी ताब्यात होती. मध्यंतरी बीपी वाढलेलं निघालं, त्याची एक गोळी सुरू झाली, काही महिन्यांनी तिची ताकद वाढवली.

भाऊबीजेला बाबांना ओवाळायला आली तेव्हा जेवताना माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हे तिचं जीव की प्राण. त्या दिवशी तिने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून मऊ होईपर्यंत थांबून खाल्ला आणि चटणीला हातच लावला नाही. विचारलं तर म्हणाली, ‘चावलं की रगत येतंय. त्या शुगरच्या गोळीची उष्णता गं. शेजारची म्हणली, गोळी बंद कर, आपोआप बसतंय. केली बंद.’

खिडकीच्या उजेडात बसवून तिचं तोंड पाहिलं. पुढच्या दातांमध्ये हिरडीचा जो त्रिकोणी कोपरा असतो, तो प्रत्येक फटीत फुगून गोल झाला होता, आणि शेजारशेजारचे गोळे दातांच्या पुढच्या अंगावर एकमेकांना टेकायला आले होते. खालचे पुढचे दात तर निम्मेच दिसत होते. रंग बराचसा फिकट गुलाबी, हाताला घट्ट. कडेला मात्र लालभडक रेघ, तिथे कापसाचा बोळा लावला की लगेच रक्त. फटीत शेंगदाण्याचा कण अडकून बसलेला. मागे दाढा काढलेल्या होत्या, तिथली हिरडी अगदी साधी, सपाट. त्या क्षणी मला त्याचा अर्थ लागला नव्हता, पण पुढे दातांच्या डॉक्टर मॅडमनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

घरातल्या मशीनवर शुगर पाहिली. उपाशीपोटीची 268.

दुसऱ्या दिवशी दातांच्या दवाखान्यात नेलं. मॅडमनी तोंड तपासायच्या आधी विचारलं, ‘गोळ्या कोणकोणत्या चालू आहेत? पिशवी आणलीय का?’ आत्याने पिशवी उघडली. त्यांनी शुगरचं पाकीट बाजूला ठेवलं, बीपीचं पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, ‘ही बघा.’ टेल्मिसार्टन अधिक अ‍ॅम्लोडिपिन. शेजारणीने सोडायला लावली ती गोळी वेगळीच, आणि हिरड्यांचं कारण रोज सकाळी न चुकता पोटात जात होतं.

हे मी फार्मसीच्या पुस्तकात वाचलेलं होतंच. हिरड्या वाढवणारी औषधं मुख्यतः तीन कुळांतली. पहिलं फिटच्या आजारावरचं फेनिटोइन. हे औषध 1938 मध्ये वापरात आलं आणि 1939 मध्येच त्याने हिरड्या वाढतात अशी नोंद झाली. दुसरं सायक्लोस्पोरिन, किडनी बदललेल्या रुग्णांना शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून देतात ते. तिसरं कुळ बीपीच्या गोळ्यांचं, ज्यांना कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर म्हणतात. त्यातल्या निफेडिपिनबद्दल 1984 मध्ये पहिल्यांदा लिहिलं गेलं आणि अ‍ॅम्लोडिपिनबद्दल पुढे 1990 च्या दशकात. फेनिटोइन घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना हा त्रास होतो. अ‍ॅम्लोडिपिनचं प्रमाण खूपच कमी, शंभरात दोन-तीन जणांच्या आसपास. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, ग्लिप्टिन कुळातल्या गोळ्या, इन्सुलिन, यातलं काहीही त्या यादीत नाही.

शंभरात दोन-तीन हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरातल्या पाहणीनुसार भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आणि 31.5 कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. दोन्ही असलेली माणसं आमच्या काउंटरवर रोज दिसतात, आणि अ‍ॅम्लोडिपिन ही त्यांची नेहमीची गोळी. स्वस्त आहे, दिवसातून एकदाच घ्यायची, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. म्हणजे शंभरातले ते दोन-तीन आपल्या ओळखीतलेच कुणीतरी असतात. त्यांना शुगरही असते, त्यामुळे बोट शुगरच्या गोळीकडे जातं आणि बीपीच्या बारक्या गोळीचा संशय कुणालाच येत नाही.

हे होतं कसं, तेही मॅडमनी आत्याला समजेल असं सांगितलं. हिरडीतल्या पेशी सतत नवे धागे विणत असतात आणि जुने मोडून काढत असतात. मोडायच्या कामाला पेशीत कॅल्शियम जावं लागतं. ही गोळी कॅल्शियमची वाट अडवते, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं, आणि ज्यांच्या हिरड्या मुळातच नाजूक प्रकृतीच्या असतात त्यांच्यात धागे मोडायचं काम मंदावतं. घरात रोज नवं सामान येतंय आणि जुनी अडगळ कुणी बाहेर काढत नाही, तसं. त्यात दातांवर कीटण असेल तर सूज येते, आणि सुजलेल्या हिरडीवर गोळीचा परिणाम जास्त होतो. म्हणूनच जिथे दात नाहीत तिथे हिरडी सहसा वाढत नाही. आत्याची दाढा काढलेल्या जागची सपाट हिरडी हेच सांगत होती. दात नाही म्हणून कीटण नाही, कीटण नाही म्हणून वाढ नाही. गोळी सुरू केल्यावर किंवा तिची ताकद वाढवल्यावर साधारण एक ते तीन महिन्यांत हे दिसायला लागतं, आणि सुरुवात पुढच्या दातांच्या फटींतून होते. आत्याचा हिशोब तंतोतंत जुळला. ताकद पाचाची दहा झाल्यानंतरच तिला दात घासताना रक्त दिसायला लागलं होतं. पायाच्या घोट्यांना संध्याकाळी सूज यायची तीही तेव्हापासूनच, आणि तीसुद्धा याच गोळीची ओळखीची खूण.

मॅडमनी लगेच निष्कर्ष काढून मोकळं होणं टाळलं, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. रक्ताची साधी तपासणी, सीबीसी, करून आणायला सांगितली, कारण रक्ताच्या काही कर्करोगांतही हिरड्या अशाच फुगतात. ती बरी आली. तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीए1सी, 9.6 टक्के आली.

आता इथे शुगरचाही वाटा आहे, आणि तो मोठा आहे. शुगरच्या गोळीला निर्दोष ठरवताना शुगरला सोडून देता येत नाही. रक्तात साखर जास्त राहिली की हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात, जखम भरायला वेळ लागतो. हिरडी लाल, मऊ, भुसभुशीत होते, हात लावला की रक्त येतं, मधूनच गळू होऊन पू येतो, दात हलायला लागतात. हॅराल्ड लो या दंतशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं, डोळे, किडनी, नसा यांच्याच रांगेत बसवून. आपल्याकडे शुगरवाल्याचे डोळे तपासतात, पाय बघतात, लघवी तपासतात. तोंड उघडायला मात्र क्वचितच कुणी सांगतं. आणि हे उलट्या बाजूनेही चालतं. हिरडीत सतत सूज असली की शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, शुगर चढते. हिरड्यांचे नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांनंतरच्या तपासणीत तीन महिन्यांची शुगर साधारण 0.4 ने उतरते, असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. अंक लहान दिसतो, पण तेवढ्यासाठी कधी कधी एक जास्तीची गोळी लिहिली जाते.

आत्याच्या तोंडात दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. घट्ट, फिकट गोळे बीपीच्या गोळीचे, आणि कडेची लाल, रक्ताळलेली रेघ कीटणाची आणि चढलेल्या शुगरची. मेटफॉर्मिन बंद केल्याने दुसरी गोष्ट आणखी चिघळली. हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून तिने जे सोडलं, तेच हिरड्यांना सांभाळत होतं. हे समजल्यावर मला तिचा राग आला नाही. तिला महिन्याच्या महिन्याला गोळ्यांची पिशवी हातात मिळायची, पण कुठली गोळी कशासाठी हे कुणी शांतपणे बसून सांगितलंच नव्हतं. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असतं, पाकिटावर इंग्रजी असतं, दवाखान्यात मागे रांग असते.

म्हणून पाकिटाबद्दल थोडं सांगते, कारण हे माझं रोजचं काम आहे. बीपीच्या जोडगोळीच्या नावापुढे ‘ए’ किंवा ‘एएम’ अशी अक्षरं असतील तर बहुतेक वेळा तिच्यात अ‍ॅम्लोडिपिन असतं. ‘एच’ किंवा ‘सीटी’ असेल तर लघवी वाढवणारं औषध. शुगरच्या गोळीपुढचं नुसतं ‘एम’ म्हणजे मेटफॉर्मिन. ‘एम’ आणि ‘एएम’ यांत घोटाळा करणारी माणसं मी पाहिली आहेत. खात्री करायची तर पाकीट उलटं करून ब्रँडच्या नावाखालचं औषधाचं मूळ नाव वाचायचं, नाहीतर सरळ मेडिकलवाल्याला विचारायचं. विचारलेलं आम्हाला आवडतं, खरंच. सिल्निडिपिन नावाची गोळीही हल्ली बरीच चालते. तिने पायाला सूज कमी येते म्हणून बदलून देतात, पण ती याच कुळातली आहे, हे दातांच्या डॉक्टरांना सांगायला हवं.

आणि आता जे मला सगळ्यात तळमळीने सांगायचंय ते. हे वाचून कुणी अ‍ॅम्लोडिपिन मनाने बंद करू नये. ती उत्तम गोळी आहे. अर्धांगवायूपासून, हार्ट अटॅकपासून तिने किती माणसं वाचवली असतील. हिरडी वाढल्याने माणूस मरत नाही, पण बीपीची गोळी अचानक सोडून बीपी 200 च्या वर गेलं तर काय होतं ते आमच्या गल्लीने पाहिलंय. त्या घरातला कर्ता माणूस आज एका हाताने जेवतो. गोळी बदलायची ती डॉक्टरांनी, एक काढताना दुसरी देऊन, मोजमाप ठेवून.

दातांच्या मॅडमनी फिजिशियनना चिठ्ठी दिली, तीत हिरड्यांचं नेमकं वर्णन होतं आणि पर्यायी गोळी देता येईल का, अशी विचारणा. फिजिशियननी अ‍ॅम्लोडिपिन काढलं, टेल्मिसार्टन 40 चं 80 केलं. पुढे बीपी थोडं वरच राहतंय असं दिसल्यावर कमी ताकदीचं क्लोरथॅलिडोन, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, जोडलं आणि पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासून घेतलं. मेटफॉर्मिनची जोडगोळी पुन्हा सुरू झाली. बरेच दिवस मेटफॉर्मिन घेतलं की व्हिटॅमिन बी 12 कमी होऊ शकतं, म्हणून तेही तपासलं. ते कमी निघालं, त्याच्या गोळ्या दिल्या. तिची जीभ चुरचुरायची, त्याचं कारण बहुधा ते. मेटफॉर्मिनचा तोंडाशी काही संबंध असेलच तर तो असा, बी 12 च्या वाटेने.

मग दात साफ करणं. आत्या या नावानेच घाबरायची, कारण खेड्यात सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं की दात साफ केले की दात हलायला लागतात. मॅडमनी तिला आरसा दिला आणि खालच्या दातांमागचा कीटणाचा दगडासारखा थर दाखवला. ‘आजी, हा थर तुमच्या हिरडीत रुतून बसलाय. तो आहे म्हणून दात घट्ट वाटतात, पण खाली हाड झिजतंय.’ दोन-तीन बैठकांमध्ये वरून आणि हिरडीच्या आतून साफ केलं. क्लोरहेक्सिडिनचं 0.2 टक्क्यांचं माउथवॉश थोड्याच दिवसांसाठी दिलं. इथेही एक सांगते. हे माउथवॉश लोक महिनोन्महिने आपल्या मनाने घेत राहतात. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, चव जाते. सांगितलेले दिवस झाले की थांबवायचं.

घासायचं कसं तेही शिकवलं. मऊ ब्रश, हिरडी आणि दात मिळतात त्या रेघेवर तिरका धरून, हळू. फटींसाठी छोटा झाडूसारखा ब्रश मिळतो तो. रक्त येतंय म्हणून तिथे ब्रश फिरवायचं टाळू नका, हे मॅडमनी दोनदा बजावलं, कारण रक्त येणाऱ्या जागेलाच ब्रशची गरज जास्त.

कापायचं का, हा प्रश्न होताच. वाढलेली हिरडी कापून काढता येते, भूल देऊन, ब्लेडने किंवा लेझरने. पण 9.6 शुगरवर जखम भरायला वेळ लागेल, आणि गोळी तशीच ठेवून कापलं तर पुन्हा वाढेल. म्हणून आधी गोळी, शुगर आणि स्वच्छता, आणि काही महिने थांबून मग पाहू, असं ठरलं. रक्त येणं लवकर थांबलं. गोळे हळूहळू बसत गेले. संक्रांतीला तिने तिळाची वडी चावून खाल्ली, ते पाहून बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. (वडी शुगरवाल्यांनी खाऊ नये हे मला माहीत आहे. एक छोटा तुकडा होता.) पुढच्या तपासणीत तीन महिन्यांची शुगर 7.4 झाली. त्यातला मोठा वाटा पुन्हा सुरू केलेल्या गोळ्यांचा, थोडा हिरड्यांचाही असेल. खालच्या दोन फटींमधले घट्ट झालेले गोळे मात्र बसले नाहीत, ते शेवटी कापावे लागले. जखम चांगली भरली.

प्रत्येकाला गोळी बदलून मिळतेच असं नाही, हेही सांगायला हवं. आमच्याकडे एक मुलगा फेनिटोइन न्यायला येतो. त्याची फिट त्याच गोळीने थांबलेली आहे. डॉक्टर ती सहजासहजी हलवणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. किडनी बदललेला एक गिर्‍हाईक आहे, त्याला सायक्लोस्पोरिन आणि अ‍ॅम्लोडिपिन दोन्ही, म्हणजे हिरड्यांवर दुहेरी भार. अशांना ब्रश, फटींची स्वच्छता आणि ठरावीक महिन्यांनी दात साफ करून घेणं हेच करावं लागतं, आणि नेमाने केलं तर वाढ बरीच आटोक्यात राहते. त्या मुलाच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘ताई, पोरगं शाळेत तोंड उघडून हसत नाही.’ तिला दातांच्या दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. ते तिथे जातात आता.

आत्याची एक गोष्ट अजून तडीला गेलेली नाही, ती म्हणजे मिश्री. तव्यावर तंबाखू भाजून केलेली काळी पूड, लग्न झाल्यापासून सकाळी आणि दुपारी हिरड्यांवर चोळायची सवय. ‘त्यानं दात घट्ट राहत्यात’ हे तिच्या सासूने सांगितलेलं. मिश्रीने दात घट्ट राहत नाहीत, ती नुसती तंबाखू आहे. हिरडी झिजते, तोंडात पांढरे चट्टे पडतात, त्यांचा कॅन्सरही होतो. मॅडमनी समजावलं, मी समजावलं, बाबा रागावले. सकाळची सुटली आहे. दुपारची चालू आहे, जेवणानंतर तिचा हात आपोआप डबीकडे जातो. सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवायला समुपदेशन मिळतं, तिकडे पुढच्या आठवड्यात घेऊन जाणार आहे. ती हो म्हणाली आहे, पण बाजारच्या दिवशी नको म्हणते, कारण त्या दिवशी गावातल्या बायका भेटतात.